विजयाची लिपी : ऐहोळे प्रशस्ती आणि उत्तर-रोमन युद्धलेखन

१

प्रशस्ती या लेखनप्रकाराची आपल्याकडे एक विचित्र वाटणी झालेली आहे. इतिहाससंशोधक तिच्यातून राजांची नावे, स्थळे आणि शकवर्षे काढून घेतात आणि उरलेला भाग ‘कविसुलभ अतिशयोक्ती’ म्हणून बाजूला ठेवतात. साहित्याचे अभ्यासक त्या उरलेल्या भागाकडे वळतही नाहीत, कारण राजाश्रयाने लिहिलेला, दगडावर कोरलेला मजकूर त्यांच्या दृष्टीने काव्येतिहासाच्या परिघाबाहेरचा असतो. अशा रीतीने प्रशस्तीतला अलंकार दोघांच्याही हातून निसटतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की साम्राज्याची आकांक्षा नेमकी या अलंकारातच आकार घेते. तो बाजूला सारल्यावर जो ‘तथ्यांश’ हाती उरतो, त्यावरून लढाया कळतात, परंतु त्या लढायांना साम्राज्याचा अर्थ कसा प्राप्त झाला हे कळत नाही.

या प्रतिपादनाच्या परीक्षेसाठी बदामीच्या चालुक्यांचा राजा दुसरा पुलकेशी याची ऐहोळे येथील प्रशस्ती घेतली आहे. शके ५५६ मध्ये, म्हणजे इ. स. ६३४-३५ मध्ये, रविकीर्ती या जैन कवीने आपण बांधविलेल्या जिनालयावर ती कोरविली. आज ते मंदिर मेगुती या नावाने ओळखले जाते. तुलनेसाठी त्याच युगातील पूर्व रोमन साम्राज्याचे युद्धलेखन घेतले आहे. ही तुलना दूरची वाटण्याचा संभव आहे. परंतु पुलकेशी आणि रोमन सम्राट हेराक्लिअस यांच्या कारकिर्दी जवळजवळ सारख्याच वर्षांत सामावलेल्या आहेत. दोघेही ६१० च्या सुमारास सत्तेवर आले आणि दोघेही आधीच्या सत्ताधीशाला शस्त्रबळाने दूर सारून आले. एकाने चुलता मंगलेश याला, तर दुसऱ्याने फोकस या सम्राटाला. हेराक्लिअस ६४१ मध्ये वारला, पुलकेशीचा अंत ६४२ च्या सुमारास झाला. दोघांच्याही विजयांवर समकालीन कवींनी काव्य रचले आणि ती काव्ये लिहून झाल्यावर थोड्याच वर्षांत दोघांचेही वैभव ओसरले.

२

तुलनेपूर्वी एक सावधगिरी आवश्यक आहे. कोल्हापूर परिसराचा ‘रोमन संबंध’ म्हटले, की ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आठवते. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी केलेल्या उत्खननामुळे हे स्थळ प्रसिद्धीस आले. परंतु ती मूर्ती सातवाहनकालीन व्यापाराची साक्ष आहे. पुलकेशीच्या काळाशी तिचा संबंध नाही. त्याचप्रमाणे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील एका चित्रात इराणी वकील पुलकेशीच्या दरबारी आल्याचा प्रसंग आहे, असे फर्ग्युसन यांनी एकोणिसाव्या शतकात सुचविले आणि ते मत दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिले. वॉल्टर स्पिंक यांनी हे लेणे पाचव्या शतकातील ठरविल्यापासून आणि श्लिंगलॉफ यांनी त्या चित्राचा अर्थ बौद्ध कथेतून लावल्यापासून त्या मताचा आधार सुटला आहे. तबरी या इतिहासकाराने खुस्रूशी पत्रव्यवहार करणाऱ्या ज्या भारतीय राजाचा उल्लेख केला आहे तो पुलकेशीच, हे नोल्डेके यांचे अनुमानही निर्विवाद राहिलेले नाही.

तेव्हा येथे प्रत्यक्ष संपर्काचा दावा नाही. संपर्क होता तो व्यापाराच्या पातळीवर. सहाव्या शतकातील कॉस्मस हा ग्रीक लेखक ‘कल्लियाना’ या बंदराचा उल्लेख करतो. ते आपले कल्याण. तेथून तांबे आणि इमारती लाकूड बाहेर जात असे, आणि तेथील ख्रिस्ती धर्माधिकारी इराणमधून नेमला जाई. प्रोकोपिअस सांगतो, की जस्टिनियनाने इथिओपियाच्या राजाला भारतीय रेशीम विकत घेऊन रोमनांना विकण्याची विनंती केली होती. परंतु भारतीय जहाजे जेथे प्रथम लागत त्या बंदरांवर इराणी व्यापारी आधीच हजर असल्याने ती योजना फसली. पश्चिम किनारा हा रोम आणि इराण या दोन महासत्तांच्या स्पर्धेच्या कडेवर होता, एवढे यावरून म्हणता येते. आपली तुलना मात्र संपर्कावर आधारलेली नसून रचनेवर आधारलेली आहे. युद्धाला साम्राज्याचा अर्थ देण्यासाठी भाषेने कोणती साधने वापरली, आणि त्या साधनांची मर्यादा कोठे उघडी पडली, हा आपला प्रश्न आहे.

३

ऐहोळे प्रशस्तीची मांडणी पाहू. जिनेंद्राची स्तुती, चालुक्य कुळाचे वर्णन, मग पुलकेशीचे पूर्वज, मंगलेशाशी झालेला संघर्ष, आणि त्यानंतर दिशांच्या क्रमाने विजय. भीमेच्या उत्तरेस चालून आलेले आप्पायिक आणि गोविंद, वनवासी, गंग आणि आळुप, कोकणचे मौर्य, शेकडो नौकांनी वेढलेली पश्चिम समुद्रावरची पुरी, लाट, मालव, गुर्जर, मग हर्ष. पुढे कोसल, कलिंग, पिष्टपूर, रक्ताने रंगलेले कुनाल सरोवर, कांचीच्या तटाआड दडलेला पल्लव, आणि शेवटी हत्तींच्या सेतूने अडविलेली कावेरी. ही यात्रा वातापीला परत येऊन संपते.

या मांडणीमागे ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गातील रघूचा दिग्विजय उभा आहे, हे या लेखाचे संपादन करणाऱ्या कीलहॉर्न यांनीच दाखवून दिले होते. रघूही हत्तींचा सेतू करून नदी ओलांडतो, आणि त्याच्याही हत्तींच्या मदाने कावेरीचे पाणी बदलते. रविकीर्ती हे ऋण लपवीत नाही. अखेरच्या भागात तो कालिदास आणि भारवी यांच्या कीर्तीशी आपली कीर्ती जोडतो. त्याच्या या विधानाचा उपयोग आजवर मुख्यतः कालिदासाच्या काळाची खालची मर्यादा ठरविण्यासाठी झाला आहे. परंतु काव्याच्या दृष्टीने पाहता त्याचा अर्थ वेगळा आहे. राजाने रघूची बरोबरी करावयाची आणि कवीने कालिदासाची, अशा दोन आकांक्षा एकाच लेखात समांतर चालतात. राजाचा दिग्विजय भूगोलात होतो, कवीचा परंपरेत. आणि पहिल्याची खूण दुसऱ्यावाचून उमटत नाही.

मग कावेरीचे ते वर्णन केवळ अनुकरण समजून टाकून द्यावयाचे काय? येथे समकालीन रोमन लेखनाचे उदाहरण उपयोगी पडते. प्रोकोपिअसने ५४२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये पसरलेल्या महामारीचे जे वर्णन केले आहे ते हजार वर्षांपूर्वीच्या थ्युसिडिडिसच्या अथेन्समधील साथीच्या वर्णनावर बेतलेले आहे. त्यावरून काही अभ्यासकांनी त्याच्या खरेपणाविषयी शंका घेतल्या. पुढे २०१३ मध्ये दक्षिण जर्मनीतील सहाव्या शतकातल्या दफनांतून प्लेगच्या जंतूचे अंश निश्चितपणे मिळाले. वर्णन परंपरेतून घेतलेले होते आणि महामारी खरी होती. पुलकेशीच्या बाबतीतही तसेच घडले. त्याने हर्षावर मिळविलेला विजय ऐहोळे लेखात श्लेषाने सांगितला आहे. आणि श्रीनंद बापट व प्रदीप सोहोनी यांनी प्रकाशित केलेल्या विजापूर-मुंबई ताम्रपटात, शके ५४१ म्हणजे ६१९ मध्येच, त्या विजयाचा उल्लेख असल्याचे आढळले. ज्या युद्धाचा काळ दीर्घकाळ ६३० च्या आगेमागे धरला जात होता ते दशकभर आधीच होऊन गेले होते. संकेत आणि घटना ही एकमेकांची शत्रू नव्हेत. संकेत हा घटनेला दिलेला आकार असतो; म्हणून विचारावयाचे ते हे, की हाच आकार का दिला.

४

हर्षाच्या श्लोकापाशी थांबून हा प्रश्न विचारता येईल. रविकीर्ती आधी हर्षाची थोरवी सांगतो: त्याचे सामर्थ्य अपरिमित आहे, मांडलिकांच्या मुकुटांतील रत्नांचे किरण त्याच्या पायांवर पडतात. आणि मग युद्धात पडलेले हत्ती पाहून हर्षाचा हर्ष गळून जातो. संपूर्ण उत्तर भारताचा अधिपती एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये पराभूत होतो.

या रचनेचे शास्त्र आपल्याच परंपरेत सांगितलेले आहे. नायकाचा उत्कर्ष दोन प्रकारांनी दाखविता येतो, असे ‘काव्यादर्शा’त दंडी म्हणतो: नायकाचे गुण आधी सांगून मग त्याच्याकरवी शत्रूचा नाश दाखवावा, किंवा शत्रूचेच कुळ, शौर्य आणि विद्या वर्णून मग त्याच्यावरील जय सांगावा. भामहाला मात्र एकाचे वर्णन करून दुसऱ्याच्या उत्कर्षासाठी त्याचा वध सांगणे मान्य नाही. ज्याला काव्याच्या फलात वाटा नाही त्याची आरंभी स्तुती व्यर्थ, असे त्याचे म्हणणे. हा वाद वरवर केवळ रचनेचा वाटतो. प्रत्यक्षात तो पराभूताला काव्यात कोणते स्थान द्यावयाचे याविषयीचा आहे. रविकीर्तीने दंडीच्या दुसऱ्या मार्गाने जाऊन हर्षाला मोठे केले, परंतु तो मोठेपणा विजेत्याच्या खात्यावर जमा करण्यासाठी. पराभूताला तेथे वाणी नाही. त्याचे नाव हेच त्याच्या पराभवाचे साधन आहे.

याच श्लोकांच्या मागोमाग महाराष्ट्राचा उल्लेख येतो. नव्याण्णव हजार गावे असलेल्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य पुलकेशीने मिळविले, असे रविकीर्ती सांगतो. आपल्या प्रादेशिक इतिहासलेखनात हा उल्लेख अभिमानाने उद्धृत होतो, आणि ‘महाराष्ट्र’ या नावाच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून तो महत्त्वाचा आहेच. परंतु वाक्याची घडण पाहावी. महाराष्ट्र येथे कर्ता नाही, कर्म आहे. मिळविलेल्या वस्तूंच्या यादीतील एक वस्तू, आणि तीही मोजून सांगितलेली. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावात बसून आज हा श्लोक वाचणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःला पुलकेशीच्या जागी कल्पावे, अशीच आपल्या पाठ्यपुस्तकांची अपेक्षा असते. त्या श्लोकात गावाला मिळालेली जागा मात्र नव्याण्णव हजारांतील एका अंकाची आहे. त्या अंकांतल्या माणसांनी कर भरला, सैन्याला धान्य पुरविले, कोणी लढाईत गेले असतील. प्रशस्तीच्या व्याकरणात त्यांच्यासाठी क्रियापद नाही. आपल्या अस्मितेचा आरंभ आपण एका जेत्याच्या मोजदादीत शोधतो, ही गोष्ट समीक्षेने तरी नजरेआड करू नये.

५

आता हेराक्लिअसकडे वळू. ६२२ ते ६२८ या वर्षांत त्याने इराणविरुद्ध मोहिमा केल्या, ६२७ च्या अखेरीस निनेव्हेजवळ विजय मिळविला, आणि खुस्रू त्याच्याच मुलाच्या बंडात मारला गेला. कॉन्स्टँटिनोपलच्या मुख्य चर्चमधील पिसिडियाचा जॉर्ज हा या विजयांचा कवी. तोही धर्मपुरुष आणि तोही युद्धाचा गायक, हे रविकीर्तीशी असलेले त्याचे साम्य लक्षणीय आहे. अहिंसेचा उपासक जिनालयाच्या भिंतीवर रक्ताने लाल झालेले सरोवर कोरवितो, आणि चर्चचा सेवक अग्निपूजक राजाच्या नाशाचा आनंद आकाशातील ताऱ्यांकडून साजरा करवून घेतो. यात दांभिकता पाहणे सोपे आहे. परंतु त्याने काहीच उलगडत नाही. दोन्ही ठिकाणी धर्म हा युद्धाला चौकट पुरवितो. फरक चौकटीच्या जातीत आहे. जॉर्जच्या काव्यात सम्राट हा हेराक्लीस आहे, नोहा आहे, मोझेस आहे. त्याचे युद्ध एका पवित्र कथेचा पुढचा अध्याय आहे आणि शत्रू हा ईश्वराचा शत्रू आहे. रविकीर्तीच्या काव्यात जिनेंद्र आरंभी आणि अखेरीस आहे, मधल्या युद्धांवर त्याची मुद्रा नाही. हर्ष अधर्मी म्हणून पराभूत होत नाही, तो केवळ कमी बलवान ठरतो. दिग्विजयाच्या संकेतात शत्रूचा द्वेष करण्याची गरज नसते, आणि म्हणूनच त्याच्या नाशाला कारणही द्यावे लागत नाही. कोणता संकेत अधिक क्रूर, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही.

दोन्ही काव्यांचे भवितव्य मात्र सारखेच. ६३६ मध्ये यार्मूकच्या काठी अरबांनी रोमन सैन्याचा पराभव केला आणि हेराक्लिअसने परत मिळविलेला सिरिया कायमचा गेला. जॉर्जच्या काव्यात या पराभवाला स्थान नाही. त्याची कविता शिखरावर थांबते. रविकीर्तीची प्रशस्तीही तशीच थांबते, आणि तिच्यानंतर आठ-नऊ वर्षांत नरसिंहवर्मा पल्लवाने वातापी जिंकली. प्रशस्ती हा प्रकारच असा, की तिला पुढची वर्षे लिहिता येत नाहीत.

६

पराभव मग लिहिला कोठे जातो? याची चार उत्तरे संभवतात.

पहिले उत्तर विजेत्याच्या लेखात आहे. परमेश्वरवर्मा पल्लवाच्या कूरम ताम्रपटात नरसिंहवर्म्याविषयी एक विलक्षण कल्पना येते: युद्धात पाठ दाखविणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवर, जणू ताम्रपटावर लिहावी तशी, त्याने ‘विजय’ ही अक्षरे लिहिली. ज्या राजाने स्वतःचे विजय दगडावर लिहविले त्याचे शरीरच आता दुसऱ्याच्या लेखाचा पत्रा झाले. प्रशस्तीच्या लिपीत युद्ध आणि लेखन ही एकच क्रिया आहे, हे या प्रतिमेने जितके उघड केले आहे तितके कोणत्याही मीमांसकाने केलेले नाही.

दुसरे उत्तर पराभूताच्या वारसांनी दिले. पुलकेशीचा मुलगा पहिला विक्रमादित्य याच्या ताम्रपटांत, पित्याची राज्यलक्ष्मी तीन राजांमुळे मध्यंतरी आड गेली होती ती त्याने परत मिळविली, असे म्हटले आहे. एका राजाचा मृत्यू आणि राजधानीचा नाश ‘आड जाणे’ या एका पदात सामावतो. घराण्याच्या भाषेत पराभव म्हणजे केवळ खंड.

तिसरे उत्तर परक्या गद्याचे. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आलेला युआन च्वांग येथील लोकांचा स्वाभिमान, कृतज्ञता आणि सूडबुद्धी यांची नोंद करतो, आणि सांगतो, की पराभूत सेनापतीला शिक्षा न करता स्त्रीवेष दिला जाई. तो अपमान असह्य होऊन असे सेनापती पुष्कळदा स्वतःचा जीव घेत. प्रशस्तीला अदृश्य असलेली पराभवाची लाज येथे प्रथमच सामाजिक वस्तुस्थिती म्हणून दिसते.

चौथे उत्तर प्रोकोपिअसचे आणि ते सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. सेनापती बेलिसारिअसचा सल्लागार म्हणून तो ५२७ पासून मोहिमांत होता. ‘युद्धां’च्या आठ भागांत त्याने जस्टिनियनाच्या इराण, आफ्रिका आणि इटलीतील लढाया लिहिल्या. वक्तृत्वाला चातुर्य शोभते, काव्याला कल्पना आणि इतिहासाला सत्य, अशी विभागणी तो आरंभीच करतो. त्याच्या इतिहासात पराभूताला वाणी आहे. ५३४ मध्ये व्हँडलांचा राजा गेलिमर कैदी म्हणून राजधानीतील क्रीडांगणात आणला गेला, तेव्हा तो रडला नाही. सर्व काही व्यर्थ आहे, असे सांगणारे बायबलमधील वचन तो पुटपुटत राहिला. हर्षाला रविकीर्तीने दिले नाही ते गेलिमरला येथे मिळते, आणि विजयोत्सवाच्या ऐन मध्यावर साम्राज्याच्या आकांक्षेवर त्याची छाया पडते.

परंतु प्रोकोपिअसला सत्यवादी गद्याचा आदर्श ठरविण्याची घाई करू नये. याच लेखकाने जस्टिनियनाच्या इमारतींवर एक स्तुतिग्रंथ लिहिला, आणि त्याच सम्राटाला मनुष्यरूपातील राक्षस म्हणणारा एक ‘गुप्त इतिहास’ही लिहिला. तो त्याच्या हयातीत प्रकट झाला नाही. व्हॅटिकनच्या ग्रंथालयातून मिळालेल्या प्रतीवरून १६२३ मध्ये तो छापला गेला. त्या ग्रंथात आफ्रिकेत पन्नास लाख माणसे मेली असे तो लिहितो. ही संख्या मोजून आलेली नाही. ती प्रशस्तीतील नव्याण्णव हजारांची उलटी बाजू आहे: तेथे मोठी संख्या वैभव दाखविते, येथे विनाश. निंदाही स्तुतीच्याच अलंकारशास्त्रावर जगते. एकाच लेखकाच्या तीन ग्रंथांत तीन जस्टिनियन आहेत, आणि त्यांतला ‘खरा’ निवडण्यापेक्षा, सत्तेच्या छायेत एका लेखकाला तीन लेखनप्रकारांची गरज का पडली, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

७

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. ग्रीक इतिहासलेखनाच्या मापाने संस्कृत प्रशस्ती मोजणे म्हणजे ‘भारतीयांना इतिहासबुद्धी नव्हती’ या वसाहतकालीन मताची पुनरुक्ती नव्हे काय? तसे होऊ नये म्हणूनच वरील विवेचनात रविकीर्तीशेजारी प्रथम जॉर्जला बसविले आहे. स्तुतिकाव्याची तुलना स्तुतिकाव्याशी केली, की असे दिसते, की विजयावर थांबणे हा संस्कृत मनाचा दोष नसून त्या प्रकाराचा स्वभाव आहे. आणि प्रोकोपिअसच्या तीन ग्रंथांना समांतर असा संच आपल्याकडेही आहे. फक्त तो एका लेखकाच्या हातचा नाही. ऐहोळेचा शिलालेख, कूरमचा ताम्रपट, विक्रमादित्याचे दानलेख आणि चिनी यात्रेकरूचे गद्य एकत्र वाचले, म्हणजे एका युद्धाची परस्परविरोधी संहिता तयार होते. आपण या लेखांचे स्वतंत्र संपादन केले. एकमेकांना उत्तर देणारे साहित्य म्हणून त्यांचे वाचन केले नाही.

या संहितेत आणखी एक लेखनप्रकार पुढील शतकांत मिळाला. कोल्हापूर जिल्ह्यात ठिकठिकाणी वीरगळ उभे आहेत. त्यांच्या खालच्या चौकटीत लढणारा आणि पडणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. बहुतेकांवर अक्षर नाही. प्रशस्तीत राजा आहे आणि मरण नाही. वीरगळावर मरण आहे आणि राजा क्वचितच. मात्र वीरगळालाही निरागस लोकस्मृती मानता येणार नाही. स्वर्गाचे आश्वासन देऊन तो पुढच्या पिढीला लढाईस सिद्ध करतो. म्हणजे प्रशस्तीने जे वरून मागितले तेच तो खालून पुरवितो. तरीही एक फरक राहतो. गावाच्या वेशीवरचा तो दगड एका माणसासाठी उभा केलेला आहे. नव्याण्णव हजारांच्या हिशेबात न मावणारा एक देह तेथे मोजला गेला आहे.

साम्राज्याच्या काव्याचे वाचन करताना समीक्षेचे काम त्यातील खोटे शोधून काढण्यापुरते नाही, आणि त्याच्या शब्दसौंदर्याला दाद देण्यापुरतेही नाही. श्लेष कोणाच्या नावावर केला आहे, संख्या कोणाची आहे, वाक्याचा कर्ता कोण आणि कर्म कोण, आणि काव्य नेमके कोणत्या वर्षी थांबते, हे प्रश्न व्याकरणाचे आणि अलंकारशास्त्राचे आहेत. तेच सत्तेचेही आहेत. ऐहोळेच्या भिंतीवरील अक्षरे तेराशे नव्वद वर्षे टिकली. ज्यांच्या भूमीची गणना त्यांत झाली त्यांनी ती अक्षरे वाचताना निदान आपली जागा ओळखावी, एवढी अपेक्षा वाजवी ठरेल.